कुंपण कोणी घालायचे?

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळसा काढून झाला की खड्डा उरतो. पावसाने तो भरतो आणि वस्तीतल्या लेकरांना तलाव वाटतो. पण खुल्या खाणीचा काठ उभा कापलेला. पाय घसरला की तळ लागत नाही. लेकरू बुडाले की बचाव ठरलेला: ‘ते विनापरवाना आत शिरले.’

हा बचाव आम्हाला मान्य नाही. ग्लासगोच्या सार्वजनिक बागेतील विषारी फळे खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा 1921 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने महापालिकेविरुद्धचा बापाचा दावा ग्राह्य धरला. भुरळ घालणारा धोका उघडा ठेवायचा आणि दोष मुलाला द्यायचा, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बोअरवेलभोवती काटेरी कुंपण, सूचनाफलक आणि निकामी बोअर बुजवणे बंधनकारक केले. वीतभर भोकाला कुंपण लागते, मग एकरभर खड्ड्याला का नाही?

ज्यांची जमीन खाणीत गेली, त्यांचीच लेकरे घुसखोर? 1943 साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी धनबादच्या कोळसा खाणींची स्वतः पाहणी केली. खाणीतल्या माणसाचे जगणे मालकाच्या मर्जीवर सोडायचे नाही, हीच त्यांची भूमिका होती.

बांधवांनो, सानुग्रह मदतीच्या कागदावर सही करून हक्क सोडू नका. पंचनामा करवून घ्या, गुन्हा नोंदवा. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याने आईबापांना भरपाईचा हक्क दिला आहे. दावा मृत्यूपासून दोन वर्षांत लावावा लागतो. आणि लेकरू बुडण्याआधीच ग्रामसभेत ठराव घ्या: आधी कुंपण, मग कोळसा!