आहाराची रोजनिशी : लिहायला उशीर नको

'खाणे मोजकेच, तरी वजन उतरत नाही,' ही तक्रार आहारतज्ज्ञांना नवी नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच व्यक्तींना आपला आहार लिहून ठेवण्यास सांगण्यात आले होते. तपासणीअंती, त्यांनी तो सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवल्याचे आढळले. यात लबाडीच असते असे नाही. जेवण लक्षात राहते, येता-जाता तोंडात टाकलेले विसरले जाते.

म्हणून नोंद खाल्ल्याबरोबर करावी. रात्री आठवून लिहिल्यास मूठभर फरसाण हमखास निसटते. पदार्थ, प्रमाण, वेळ आणि निमित्त (भूक, कंटाळा की कुणाचा आग्रह) एवढे पुरे.

कचेरीतील चहाचेच पाहा. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे, चमचा चार ग्रॅमचा धरल्यास, ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाकाठी अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. मिठाई-बिस्किटे अजून मोजायचीच आहेत!

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वही पाहून परस्पर जेवण कमी करू नये. ती डॉक्टरांना दाखवावी. इतरांना आरंभी आठवड्याची नोंद पुरते. तीत रविवार मात्र हवाच.