कानाचा द्राविडी शब्द आणि मुलचेऱ्याची गोंडी

जुना शब्द शोधावयाचा तर जुनें पान पाहावें, हा आम्हां संशोधकांचा नेम आहे. परंतु भाषेच्या प्रांतांत तो सर्वत्र लागू पडत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांत गोंडी, तेलुगू व मराठी यांचा शेजार आहे. या भाषांतील ‘कान’ या अर्थाचे शब्द घेऊन आम्ही हें दाखवितों.

मराठी ‘कान’ हा संस्कृत ‘कर्ण’, प्राकृत ‘कण्ण’ यांचा वंशज. त्याचें कुळ निराळें. गोंडींत प्रदेशभेदानें ‘केवि’ अथवा ‘कवि’, कन्नडांत ‘किवि’, तुळूंत ‘केबि’, तेलुगू व तमिळ यांत ‘चेवि’, आणि दूर बलुचिस्तानांतील ब्राहुईंत ‘खफ्’ असे शब्द आहेत. या सर्वांचा मूळपुरुष कोणत्याहि लेखांत सांपडत नाहीं. वंशजांची तुलना करून तो ‘*केवि’ असा ठरविला आहे. तारका ही शब्द अनुमित असल्याची खूण होय. या तुलनेचा पाया कॉल्डवेल यांनीं १८५६ सालीं घातला, व बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ सालीं निघाला.

मुळांत ‘च’ न धरितां ‘क’ कां धरावा? एक तर परस्परांपासून दूर पडलेल्या शाखांत कंठ्य वर्णच आढळतो. दुसरें, इ-एकारापूर्वीं ‘क’चा ‘च’ होणें अनेक भाषांत दिसतें, उलट क्वचित्. तिसरें, हा फरक एकाच शब्दापुरता नाहीं. ‘करणें’ या अर्थीं तमिळ ‘चेय्’, तेलुगू ‘चेयु’. पण गोंडी धातु ‘की’ व कन्नड ‘गेय्’.

नियमावांचून नुसतें ध्वनिसाम्य फसवें असतें. गोंडी ‘कन्’ मराठी ‘कान’सारखा ऐकूं येतो, पण त्याचा अर्थ डोळा, तेलुगू ‘कन्नु’ व तमिळ ‘कण्’ हे त्याचे सोदर होत.

आतां मुख्य मुद्दा. तमिळ वाङ्मय सुमारें दोन हजार वर्षांचें. त्यांतहि बदललेला ‘च’च आहे. उलट जिची लेखनपरंपरा अल्प, त्या गोंडीनें मूळचा ‘क’ तोंडींच राखला. लेखाचें वय तें रूपाचें वय नव्हे. म्हणून या भागांत दप्तरें धुंडाळणारांनीं कागदाबरोबर गोंडी उच्चारहि टिपून ठेवावे. कागद हरवला तर त्याची नक्कल कोठें तरी मिळेल. बोली लोपली तर तिची नक्कल कोणत्याहि दप्तरांत मिळणार नाहीं.