गोदामात पडलेले व्हिलन: कॉमिक्सवाल्यांनी डेड स्टॉक कसा विकला

या आठवड्याच्या व्हिडिओत डेड स्टॉकबद्दल बोलताना मी बॅटमॅनच्या एका व्हिलनचं उदाहरण दिलं होतं. तिथे दोन मिनिटांत उरकलं, पण विषय तेवढ्यात मावणारा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही कॉमिक्स कधी हातात घेतलं नसेल तरी चालेल.

आधी मालाची गोष्ट. अमेरिकेत डीसी आणि मार्व्हल या दोन मोठ्या कंपन्या. त्यांची मासिकं वर्षानुवर्षं निघत आली. दर अंकाला हिरो तोच, पण त्याच्याशी भांडायला कोणीतरी नवीन लागायचं. मग लेखकाला जे सुचेल ते. एक पतंगावर बसून चोरी करणारा, एक अंगभर रंगीत ठिपके लावलेला, एक तारखा बघून गुन्हे करणारा. अंक निघाला, व्हिलन तुरुंगात गेला, विषय संपला. अशी एकदा वापरून ठेवून दिलेली शेकडो पात्रं या कंपन्यांच्या कपाटात पडून आहेत. आपल्या भाषेत डेड स्टॉक. फरक एवढाच की याला उंदीर लागत नाहीत आणि गोदामाचं भाडं पडत नाही.

आज ज्याला सगळे ओळखतात तो रिडलरसुद्धा असाच पडून होता बरं का. १९४८ मध्ये आला, त्याच वर्षी दोनदा दिसला आणि मग थेट १९६५ पर्यंत गायब. १९६६ मध्ये बॅटमॅनची टीव्ही मालिका आली, त्यात तो पहिल्याच भागात झळकला आणि नंतर कधी मागे पडलाच नाही.

आता माझं आवडतं उदाहरण, मिस्टर फ्रीझ. १९५९ च्या बॅटमॅन अंक १२१ मध्ये हा आला तेव्हा त्याचं नाव होतं मिस्टर झिरो. बर्फाची बंदूक बनवताना अपघात झाला, त्यामुळे थंडीतच जगावं लागतं, म्हणून अंगावर खास सूट. धंदा काय, तर हिरे चोरणं. बस. साधा चोर, फक्त गार. टीव्ही मालिकेने १९६६ मध्ये त्याचं नाव मिस्टर फ्रीझ केलं. नाव चांगलं होतं, पण माणूस तोच पोकळ राहिला. पुढची पंचवीसेक वर्षं त्याची गणती किरकोळ मालातच व्हायची.

१९९२ मध्ये बॅटमॅनची ॲनिमेटेड मालिका सुरू झाली. त्यात ‘हार्ट ऑफ आइस’ नावाचा एक भाग आहे, लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. डिनीने सूट ठेवला, बंदूक ठेवली, थंडी ठेवली. त्याने फक्त एक प्रश्न विचारला, हा माणूस असा का झाला? उत्तर असं, की तो व्हिक्टर फ्राइझ नावाचा शास्त्रज्ञ. बायको नोरा असाध्य आजारी. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचा त्याचा प्रयत्न. कंपनीच्या मालकाला खर्च दिसला, त्याने प्रयोग बंद पाडला, आणि त्या झटापटीत फ्राइझ स्वतःच थंडीचा कैदी झाला. झालं! हिरेचोराचा नवरा झाला. त्या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला, नंतर कॉमिक्सनेही हीच कहाणी उचलली, आणि १९९७ च्या सिनेमात अर्नॉल्ड श्वार्झनेगरने हाच रोल केला.

इथे जरा थांबा. बऱ्याच नवीन दुकानदारांना वाटतं, माल जात नाही म्हणजे बोर्ड बदला, पॅकिंग बदला. मार्व्हलने हे करून बघितलंय. १९६३ मध्ये त्यांनी पेस्ट-पॉट पीट नावाचा व्हिलन आणला. खळीचा डबा घेऊन फिरतो आणि लोकांना चिकटवतो, म्हणजे आपला ‘खळवाला पीट’ म्हणा. नाव हास्यास्पद आहे हे त्यांच्याही लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्याला ट्रॅपस्टर केलं. आजही वाचक त्याला जुन्या नावानेच चिडवतात. नाव बदललं, पण त्याच्याकडे बघायचं कारण दिलं नाही.

माझ्या दुकानात जाड पुठ्ठ्याच्या लांब वह्या पडून होत्या. शाळेच्या सीझनमध्ये कोणी घेईना, दप्तरातच मावत नाहीत. त्या तिथून उचलून काउंटरपाशी ठेवल्या आणि पहिल्या पानावर नाव, तारीख, जमा, बाकी असे रकाने आखून एक वही उघडी ठेवली. समोरचा चहावाला, दूधवाला, पिठाची गिरणीवाला घेऊन गेले. वही तीच, दरही तोच. उधारी लिहायला जागा पाहिजे हे कारण त्या गिऱ्हाइकाकडे आधीपासून होतं.

काइट मॅनचं तेच झालं. हा पतंगवाला, १९६० चा. साठ वर्षांतली बरीचशी वर्षं चेष्टेचा विषय. २०१७ मध्ये टॉम किंगने जोकर आणि रिडलर यांच्या भांडणाची कथा लिहिली. त्यात हा चार्ल्स ब्राउन नावाचा छोटा गुन्हेगार मधल्या मध्ये सापडतो. त्याच्या लहान मुलाला पतंगाचं वेड. रिडलर पतंगाच्या दोरीला विष लावतो, पोरगं जातं, आणि बाप पतंगाचा पोशाख चढवतो. मांजाने गळा कापल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो, त्यामुळे हे वाचताना मला तर हसू आलं नाही. पुढे ‘हार्ली क्विन’ ॲनिमेशन मालिकेत तो वेगळ्या, हलक्याफुलक्या ढंगात लोकांचा आवडता झाला आणि २०२४ मध्ये त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका आली.

द स्पॉट तर आणखी मजेशीर. १९८५ चा स्पायडरमॅनचा व्हिलन, अंगावर काळी भोकं. पहिल्या भेटीत खुद्द स्पायडरमॅनच त्याला बघून पोट धरून हसतो. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ सिनेमात तोच मुख्य व्हिलन आहे, आणि त्याचं दुखणंच हे की मला कोणी सीरियसली घेत नाही. म्हणजे मालाचा दोष तोच मालाचा गुण केला! (याच सिनेमात आपला पवित्र प्रभाकर, म्हणजे भारतीय स्पायडरमॅनही आहे. तोसुद्धा २००४ मधल्या एका छोट्या कॉमिक मालिकेतून आलेला.)

अजून कोण पडून आहे? मला विचाराल तर टेन-आयड मॅन, १९७० चा. फिलिप रिअर्डन, युद्धावरून परत आलेला सैनिक, गोदामावर वॉचमन. स्फोटात डोळे जातात. एक डॉक्टर त्याच्या डोळ्यांच्या नसा बोटांच्या टोकांना जोडतो. दहा बोटं, दहा डोळे. लोक हसतात. पण विचार करा, या माणसाने पोराचा हात धरला की त्याला दिसायचं बंद होणार. जेवायला घास उचलला की अर्धा अंधार. ड्युटीवर डोळे गेलेल्या वॉचमनची ही गोष्ट आहे, आणि माझ्या मते तिचं अजून कोणी सोनं केलेलं नाही.

हे वाचून तुमच्यातल्या काही जणांच्या डोक्यात लगेच आलं असेल, सर, मग हेच विसरलेले व्हिलन टी-शर्टवर, मगवर छापतो, यांना कोण विचारतंय! इथेच माणूस गोत्यात येतो. विसरलेला म्हणजे बेवारस नाही. मार्व्हल २००९ पासून डिस्नेकडे आहे, डीसी वॉर्नरकडे. पात्र एकाच अंकात आलं असलं तरी हक्क त्यांचेच. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. भांडवल उभं करायला दोन वर्षं लागतात राव, त्यात हे कुठे?

काही जुनी पात्रं अमेरिकेत खरोखर मोकळी झाली आहेत, कारण त्या काळी २८ वर्षांनी हक्काचं नूतनीकरण करावं लागायचं आणि काही बंद पडलेल्या प्रकाशकांनी ते केलंच नाही. पण तिथेही खाच आहे. १९४० मध्ये डेअरडेव्हिल नावाचा एक वेगळाच हिरो होता, मार्व्हलच्या डेअरडेव्हिलच्या किती तरी आधीचा. २००८ मध्ये एका प्रकाशकाने त्याला परत आणलं तेव्हा पात्र वापरता आलं, नाव नाही. डेअरडेव्हिल हा ट्रेडमार्क मार्व्हलचा. मग नाव ठेवलं ‘डेथ-डिफाइंग डेव्हिल’. कॉपीराइट वेगळा, ट्रेडमार्क वेगळा. आणि अमेरिकेत मोकळं ते इथे मोकळं असेलच असं धरून चालू नका, छापण्याआधी वकिलाला विचारा.

त्यापेक्षा स्वतःचं पात्र काढा. दुकानाचा मस्कॉट, लोगो, मसाल्याच्या पाकिटावरची आजी, काहीही. फक्त ते काढून घेताना कागद करा. रिडलर आणि काइट मॅन दोघेही ज्याच्या डोक्यातून आले तो लेखक म्हणजे बिल फिंगर. बॅटमॅन घडवण्यातही त्याचा मोठा वाटा. पण करार बॉब केनच्या नावाचा होता. फिंगर १९७४ मध्ये गेला आणि बॅटमॅनवर त्याचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ मध्ये.

आपल्याकडे उलटीही गंमत होते. बाहेरच्या डिझायनरकडून लोगो करून घेतला, पैसे दिले, म्हणजे हक्क आपला झाला असं आपण धरतो. बहुतेक वेळा तसं नसतं. हक्क लेखी लिहून घ्यावा लागतो, त्यावर डिझायनरची सही लागते. आणि कलम १९ प्रमाणे त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी तुमच्याच पाकिटावरची आजी परक्याची होऊ शकते. तेव्हा कागदावर कामाचं वर्णन, रक्कम, ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द, आणि दोघांच्या सह्या. डिझायनर ओळखीतला असेल, मावसभाऊ असेल, तरीसुद्धा.