गृहशिक्षणातील इतिहास : विषयाची निवड आणि गती

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना इतिहास कोणता शिकवावा व किती वेगाने शिकवावा, हा प्रश्न वरवर पालकांचा वाटला, तरी तो मूलतः इतिहासशास्त्राचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था नाही. अशी मुले पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात. तेथे माध्यमिक स्तरावर सामाजिक शास्त्रे हा विषय ऐच्छिक आहे. म्हणजे घरात इतिहासाची हेळसांड झाली, तर परीक्षेच्या धाकानेही ती भरून निघेल असे नाही.

याहून गंभीर अडचण निराळीच आहे. शाळेच्या वर्गात निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र बसतात. त्यामुळे एकाच घटनेच्या अनेक आठवणी कानी पडतात. घरात मात्र कुळाचा, जातीचा अथवा पंथाचा भूतकाळ हाच सर्वांचा भूतकाळ ठरण्याचा धोका असतो. यास्तव निवडीची पहिली कसोटी अशी की, प्रत्येक प्रकरणास घराबाहेरचा निदान एक साक्षीदार असावा.

बालभारतीच्या क्रमात प्राचीन भारत सहावीत (२०१६ चे पुस्तक), मध्ययुग सातवीत (२०१७) आणि आधुनिक काळ आठवीत (२०१८) येतो. क्रम सुबोध आहे. परंतु वाकाटकांची भेट अकराव्या वर्षी एकदा झाली की विचार प्रौढ झाल्यावर ती पुन्हा घडेलच असे नाही. जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली चक्राकार अभ्यासक्रमाची जी कल्पना मांडली, तिचे मर्म हेच की तोच विषय वाढत्या खोलीने पुन्हा हाताळावा. एकाच वर्गाच्या वेळापत्रकात न अडकलेल्या घराला हे सहज साधते.

नागपुरातील मुलासाठी पहिल्या फेरीची सहा प्रकरणे सुचविता येतील. (१) जुनापाणी व माहुरझरी येथील पाषाणवर्तुळे : लेखी पुरावा नसता केवळ वस्तूंवरून काय अनुमानता येते? (२) रामटेकजवळचे नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. राज्यकारभार पाहणारी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या असल्याने गुप्त साम्राज्य येथूनच दृष्टिपथात येते. (३) देवगडचे गोंड राज्य व नागपूर वसविणारा बख्त बुलंद शाह. (४) भोसले : पहिल्या रघूजींपासून नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपर्यंत. (५) इंग्रजी अंमल : १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर राज्य खालसा होणे, १८७७ ची एम्प्रेस मिल, १९२० चे काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह. (६) १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मध्यप्रदेशाची राजधानी नागपुराहून हलणे, आणि १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्य.

आता गतीविषयी. वर्षाचे ३६ आठवडे व आठवड्यास चाळीस मिनिटांच्या दोन तासिका धरल्यास ७२ तासिका मिळतात. प्रत्येक प्रकरणास आठ, याप्रमाणे ४८ तासिका खर्ची पडतात. उरलेल्या २४ स्थळदर्शन, कालपट आणि उजळणी यांसाठी राखून ठेवाव्यात. ही तिसऱ्या हिश्श्याची राखीव वेळ ऐच्छिक समजू नये. घाईत पहिला बळी तिचाच जातो, आणि मग मुलाच्या हाती सनावळी तेवढी उरते.

दुसरी फेरी दोन-तीन वर्षांनी घ्यावी. प्रकरणे तीच, प्रश्न मात्र निराळे. पहिल्या फेरीत सीताबर्डीवर कोण लढले हे सांगितले असेल, तर दुसरीत त्याच लढाईचे इंग्रजांच्या बाजूचे व भोसल्यांच्या बाजूचे कथन शेजारी ठेवून दोहोंत काय गाळले आहे हे विचारावे. प्रत्येक प्रकरणातून बाहेरच्या जगाकडे एक वाट काढावी : एम्प्रेस मिलवरून कापसाच्या व्यापाराकडे, दीक्षाभूमीवरून आशियातील बौद्ध परंपरेकडे.

प्रगतीचे माप पृष्ठसंख्येवर ठेवू नये. मूल एखाद्या विधानाविषयी 'हे कशावरून?' असे आपण होऊन विचारू लागले, तर गती योग्य आहे. तो प्रश्न घरातील आवडत्या कथेलाही विचारू लागले, तर निवडही योग्य ठरली. तसे होत नसेल, तर पुढील प्रकरण थांबवून मागील प्रकरणाचा पुरावा पुन्हा समोर ठेवणे, हाच श्रेयस्कर मार्ग होय.