सायकलवरून लहान मूल व सामानाची वाहतूक

'''सायकलवरून लहान मूल व सामानाची वाहतूक''' म्हणजे रोजच्या वापराच्या सायकलवर चालकासोबत लहान मूल आणि दप्तर, भाजी, किराणा यांसारखे सामान एकाच फेरीत नेणे होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत घर, शाळा, बाजार व रेल्वे स्थानक यांदरम्यानच्या लहान फेऱ्यांसाठी सायकल उपयोगी पडते. मात्र भारतीय सायकलचे कॅरिअर मुळात मालासाठी असते. मुलासाठी निराळी आसनव्यवस्था लागते.

== मालवाहतुकीची परंपरा ==
मुंबईत १८९० पासून चालत आलेल्या सेवेतील डबेवाले गोळा केलेले डबे सायकलच्या हँडलला व कॅरिअरला अडकवून स्थानकावर आणतात. पुढील प्रवास लोकलच्या मालडब्यातून होतो. दूधवाले कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन टांगतात. भार खाली, दोन्ही बाजूंना समान आणि घट्ट बांधलेला असावा, हे या साऱ्यांमागील तत्त्व आहे. मूल हा असा स्थिर भार नव्हे; ते वळते, पाय हलवते, झोपी जाते.

== आसनाचे प्रकार ==
'''दांडीवरील आसन''' चालकाच्या दोन हातांच्या मध्ये येते. मूल नजरेसमोर राहते व त्याचा भार दोन्ही चाकांवर विभागला जातो. परंतु ही जागा लहानग्यांनाच पुरते.

'''मागील आसनाला''' उंच पाठ, पट्टे आणि पाय ठेवण्याचे खाचे असतात. ईएन १४३४४ हे युरोपीय मानक ९ ते २२ किलोग्रॅम वजनाच्या मुलांच्या आसनांसाठी आहे. आधाराविना बसता न येणाऱ्या बाळाला कोणतेही आसन योग्य नसते.

मागील आसन बसवल्यावर कॅरिअर सामानासाठी मोकळे राहत नाही. अशा वेळी जड वस्तू मागील चाकालगतच्या जोडपिशव्यांत आणि हलक्या वस्तू पुढील टोपलीत ठेवतात. हँडलला लोंबणारी पिशवी पुढील चाकात अडकू शकते, तर चालकाच्या पाठीवरील पिशवी मागे बसलेल्या मुलाच्या तोंडावर येते. सामान आधी चढवून मूल शेवटी बसवणे आणि थांबल्यावर मूल प्रथम उतरवणे, हा क्रम सुरक्षित ठरतो. स्टँडवर उभी केलेली सायकलही मुलाच्या हालचालीने कलंडू शकते.

== आऱ्यांमुळे होणारी दुखापत ==
उघड्या कॅरिअरवर बसवलेल्या मुलाचे पाऊल मागील चाकाच्या आऱ्यांत सापडणे, हा या वाहतुकीतील ठळक धोका आहे. फिरता आरा पाऊल ओढून सांगाड्याच्या नळीवर दाबतो. टाच व घोट्याची त्वचा फाटते, ती चिरडल्यामुळे जखम भरण्यास वेळ लागतो आणि काही वेळा हाडही मोडते. चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा बसवणे व पाय खाचांत पट्ट्याने बांधणे, हे त्यावरील साधे व स्वस्त उपाय आहेत.

== कायदेशीर स्थिती ==
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवण्याची सोय आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. २०२२ मधील दुरुस्तीने नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी शिरस्त्राण व सुरक्षापट्टा बंधनकारक करून वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर ठेवली. साधी सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नसल्याने या तरतुदी तिला लागू होत नाहीत आणि दक्षतेची जबाबदारी पालकांवरच राहते.

== उपनगरांतील परिस्थिती ==
पावसाळ्यात ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची पकड बरीच घटते आणि भारामुळे थांबण्याचे अंतर वाढते. साचलेल्या पाण्याखालील खड्डे दिसत नाहीत. पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्गांवरील वेगवान वाहतूक मुलासह जाणाऱ्या सायकलस्वारासाठी धोकादायक असल्याने आतले रस्ते अधिक सोयीचे ठरतात.

मुंबई महानगरपालिकेने तानसा जलवाहिनीलगत मुलुंडपासून सुमारे ३९ किलोमीटर लांबीचा सायकल मार्ग 'हरित वारी जलतीरी' या नावाने प्रस्तावित केला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो मार्गिका २अ व ७ वर सायकल सोबत नेण्याची मुभा देण्यात आली. दहिसर ते अंधेरी हा लांबचा टप्पा त्यामुळे रस्त्याऐवजी गाडीतून पार करता येतो.

== हेही पहा ==
* मुंबईचे डबेवाले
* मुंबई मेट्रो
* सायकल