पंख्याची पिच आणि होडीचा वेग

खांदेश्वर, कामोठे, उलवे या परिसरात ज्यांच्या पदरी फायबरची लहान होडी आणि तिच्या मागच्या फळीला लावलेले आऊटबोर्ड इंजिन आहे, आणि सुटीच्या दिवशी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जे पनवेलच्या खाडीत जिताड्याच्या शोधात निघतात, अशा हौशी मंडळींच्या तोंडून एकच सल्ला माझ्या कानांवर पुनःपुन्हा येत आला आहे: वेग वाढवायचा असेल तर अधिक पिचचा पंखा लावा, होडी आपोआप धावू लागेल. या सल्ल्याचे उगमस्थान बहुधा अमेरिकेत आहे. तेथील संथ सरोवरांवर बास नावाच्या माशाच्या शिकारीसाठी दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या हलक्या नौका पळवल्या जातात, आणि त्या नौकांच्या मालकांचा अनुभव चाळीस अश्वशक्तीच्या, जाळी, बर्फाची पेटी आणि चार माणसे यांनी भरलेल्या आपल्या होडीला कोणतीही तपासणी न करता लागू केला जातो. त्यातून पैसा जातो, इंजिनाचे आयुष्य घटते आणि वेग मात्र पुष्कळदा पूर्वीपेक्षाही कमी होतो. म्हणून या समजुतीचा समाचार थोडा विस्ताराने घेणे अगत्याचे वाटते.

पिच म्हणजे पंख्याने एक फेरा पूर्ण केला असता, पाणी लाकडासारखे घट्ट असते तर, तो किती इंच पुढे सरकला असता, ते अंतर. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेत आहे आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २७५० फेरे घेत आहे असे धरले, तर १३ इंच पिचचा पंखा कागदावर ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेग देतो. पाणी घट्ट नसल्यामुळे त्यातील दहा-पंधरा टक्के घसरणीत जातात, आणि होडी जड असली तर त्याहूनही अधिक. आता याच हिशेबात १३ च्या जागी १५ घातले की उत्तर ६३ च्या घरात जाते, आणि येथेच आमचे मित्र पेन खाली ठेवून दुकानाची वाट धरतात.

परंतु या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तीच मुळी खोटी आहे. पिच वाढल्यावरही इंजिन ५५०० फेरे घेतच राहील, असे ते गृहीत होय. प्रत्यक्षात पिच एक इंच वाढली की पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे साधारणपणे दीडशे ते दोनशेंनी उतरतात. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती फेरे व्हावेत याची मर्यादा स्पष्ट छापलेली असते. मध्यम आकाराच्या अनेक इंजिनांत ती ५००० ते ६००० असते, आणि इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती त्या पट्ट्यातच मिळते. भरलेली होडी जर १३ पिचवर जेमतेम ५००० पर्यंत पोचत असेल, तर १५ पिचवर ती ४६००-४७०० वरच अडते. तेथे इंजिन आपली पूर्ण शक्ती देऊच शकत नाही, आणि शक्ती घटल्यावर पाण्याचा विरोध तोडून अधिक वेगाने जायचे ते कोणाच्या बळावर? बोरघाट चढताना चौथ्या गिअरचा हट्ट धरणाऱ्या मोटारीची जी अवस्था होते तीच या इंजिनाची होते: ते कण्हते, तापते, आत काजळी धरते आणि पिस्टनावर नको तो ताण घेते. पंखा शक्ती निर्माण करीत नाही, असलेली शक्ती पाण्याच्या स्वाधीन करतो, एवढे एक तत्त्व ध्यानात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटेल.

मग मोठी पिच कधीच लावू नये काय? अवश्य लावावी, परंतु नेहमीचे वजन होडीत असताना, पूर्ण थ्रॉटलवर, फेरे पुस्तिकेतील वरच्या मर्यादेच्या पलीकडे जात असतील तेव्हाच. फेरे खालच्या मर्यादेशी रेंगाळत असतील, तर वेगासाठी पिच कमी करावी लागते, आणि ही गोष्ट कितीही उफराटी वाटली तरी सत्य आहे. म्हणजे पहिली खरेदी पंख्याची नसून फेरे मोजणाऱ्या मीटरची असली पाहिजे.

पंख्याचा मेळ न बसल्यास शक्ती कशी वाया जाते याचा इतिहासप्रसिद्ध दाखला चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या नौकेचा आहे. टर्बाइनवर चालणाऱ्या या पहिल्या नौकेत शक्तीची वाण नव्हती, तरी १८९४ च्या चाचणीत एका दांड्यावरच्या एका पंख्याने तिला २० नॉटही गाठता येईनात, कारण अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांभोवती पाण्यात पोकळ्या निर्माण होत होत्या. पुढे तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवल्यानंतर १८९७ मध्ये हीच नौका ३४ नॉटच्या आसपास पोचली.

दुसरा गैरसमज मोजमापाचा आहे, आणि पहिल्याला खतपाणी घालणारा तोच. मोबाइलवर दिसणारा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, पाण्याच्या नव्हे. ओहोटीचा प्रवाह दोन नॉट असेल, तर २० नॉटची होडी समुद्राकडे जाताना २२ दाखवते आणि परतताना १८. जुना पंखा प्रवाहाविरुद्ध आणि नवा प्रवाहाबरोबर मोजून "चार नॉट वाढले" अशी द्वाही फिरवणाऱ्यांनी, त्याच पट्ट्यात लागोपाठ दोन्ही दिशांना वेग मोजून त्यांची सरासरी घ्यावी, एवढीच विनंती आहे.

दुप्पट अश्वशक्तीने दुप्पट वेग मिळतो, हाही एक भ्रम. पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीचा वेग, जॉर्ज क्राउच या अमेरिकन नौकारचनाकाराच्या प्रसिद्ध सूत्रानुसार, शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे दुप्पट शक्तीने सुमारे ४१ टक्के, आणि तेही वजन न वाढल्यास. जी जुनी गोल बुडाची लाकडी होडी पाणी कापतच जाते, तिची पाण्यातील लांबी २५ फूट असेल तर पावणेसात नॉटच्या पलीकडे तिला रेटणे म्हणजे तिनेच उठवलेल्या लाटेवर तिला चढवत राहणे होय.

उरलेले गैरसमज थोडक्यात असे:

महाग, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल: पुस्तिकेत मागितले असेल तरच उपयोग, एरवी खर्च.

स्टीलचा पंखा: पाती पातळ व ताठ असल्याने थोडा लाभ होतो खरा, पण खडकावर आदळल्यास तो धक्का गिअरपर्यंत पोचवतो, ॲल्युमिनियमचे पाते बहुधा स्वतः वाकते.

इंजिन होईल तितके वर उचलणे: विरोध कमी होतो, पण पाणी ओढणारी जाळी उघडी पडली तर इंजिन तापून निकामी होते, गाळाच्या खाडीत थंडाव्याच्या पाण्याची धार सतत पाहावी.

नाळ जास्तीत जास्त वर ठेवणे: एका मर्यादेनंतर होडी उसळ्या मारू लागते आणि पंखा हवा ओढतो.

बुडाला मेण लावणे: चकाकी येते, वेग येत नाही, मात्र शेवाळ आणि चिकटलेले शिंपले खरवडून काढल्यास निश्चित येतो.

तळाशी साचलेले पाणी: शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते उपसायला पैसे पडत नाहीत.

वेगाचा विचार करताना १८ डिसेंबर २०२४ चा दिवस विसरता येत नाही. मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. जेथे प्रवासी लाँचा, जाळी आणि मासेमारीच्या होड्या यांची वर्दळ असते, तेथे वेगाची परीक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मोकळे पाणी, अंगावर जीवरक्षक जाकीट आणि इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटाला बांधलेली, या तीन अटी पुऱ्या झाल्याखेरीज थ्रॉटल पूर्ण उघडू नये.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम होडीतले अनावश्यक वजन आणि साचलेले पाणी काढावे, मग बूड स्वच्छ करावे, मग नेहमीच्या वजनासह दोन्ही दिशांना वेग आणि फेरे मोजून टिपून ठेवावेत, त्यानंतर इंजिनाची उंची आणि कल जुळवावा, पुन्हा मोजावे, आणि मगच, फेऱ्यांचा आकडा सांगेल त्या दिशेला, पिच एका इंचाने बदलावी. हा क्रम पाळणाऱ्याला नवा पंखा पुष्कळदा लागतच नाही, आणि लागलाच तर तो योग्य पिचचा घेतला जातो.