सरंजाम, सार्वभौमत्व आणि गोवा

दमणगंगा आपल्या नाशिक जिल्ह्यात उगम पावते, नगर हवेलीतून वाहते आणि दमणला समुद्राला मिळते. 1954 पर्यंत ही नदी आपला डोंगर उतरून पोर्तुगिजांच्या मुलखात शिरत असे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सुट्टीत हे घरी सांगितले तेव्हा आजोबा म्हणाले, "आपलंच वावर दुसऱ्यानं दाबलं, तर ते सोडवायला कुणाला इचारायचं?" प्रश्न साधा आहे, पण याच प्रश्नावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आणि सुरक्षा परिषदेत मोठा वाद झाला.

आधी कायदा पाहू. संयुक्त राष्ट्रांची सनद 1945 ची. तिच्या कलम 2(4) प्रमाणे कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध वा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरू नये, बळाची धमकीही देऊ नये. याला अपवाद दोनच : सशस्त्र हल्ला झाल्यास कलम 51 नुसार स्वसंरक्षण, किंवा स्वतः सुरक्षा परिषदेने ठरवलेली कारवाई.

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली. दमणहून तिकडे फौज न्यायची तर वाट भारतातून. ती भारताने नाकारली. 1955 च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगला गेले. त्यांचा एक आधार होता पेशव्यांशी झालेला 1779 चा तह. त्या तहाने सार्वभौमत्वच मिळाले, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. मराठ्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपये महसुलाचा जहागीर-सरंजाम. मुलखाची मालकी नव्हे. सरंजामदार म्हणजे राजा नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगिजांची सत्ता मानलीच होती, हेही न्यायालयाने नोंदवले. 12 एप्रिल 1960 च्या निकालात खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्य व शस्त्रे यांना नाही. 1954 मध्ये भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले. भारताची बाजू मो. चि. सेटलवाड यांनी मांडली.

गोव्याची गोष्ट निराळी. तेथे 17-18 डिसेंबर 1961 च्या रात्री भारतीय सेनाच शिरली आणि 19 तारखेला पोर्तुगीज शरण आले. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी हा सनदेचा भंग ठरवला. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांचे उत्तर असे की गोवा भारताचाच भाग आहे. 1510 मध्ये झाले तेच आक्रमण, मग आपल्याच घरात शिरणे आक्रमण कसे? युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावाला 7 मते मिळाली, विरुद्ध 4 पडली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला.

आता खरे काय? चौदा वर्षे भारताने वाट पाहिली. सालाझार गोव्याला वसाहत म्हणायलाच तयार नव्हते. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. न्याय आपल्या बाजूने होता, याबद्दल मला शंका नाही. पण कलम 51 त्यात सहजी बसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये गोवा जिंकून सामील केला, असे धरले. पोर्तुगालने 1974 च्या करारात हे विलीनीकरण मान्य केले, तेव्हा कुठे वाद मिटला.

गोव्यानंतर दहाच महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 1962 ला, चीनने सीमा ओलांडली. 'ही भूमी मुळात आमचीच' असे त्यांचेही म्हणणे होते. बांधावर काठी उचलणारा प्रत्येकजण वावर आपलेच म्हणतो. म्हणून आजोबांना मी एवढेच सांगितले : वावर आपलेच होते, पण विचारायला कुणीतरी असावे, यातच लहान शेतकऱ्याचे आणि लहान राष्ट्राचे हित आहे. ते "हं" म्हणाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अन् इचारूनबी त्यानं चौदा वर्षं उत्तरच नाही दिलं, तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.